पाच-नऊ

आम्ही हौशी रेडिओवाले हवेवर भेटलो की आधी एकमेकांना आवाजाचा रिपोर्ट देतो. त्यात दोन आकडे असतात. पहिला, बोलणं किती कळलं याचा. पाच म्हणजे शब्द न् शब्द कळला. दुसरा, सिग्नल किती जोरात आला याचा. नऊ म्हणजे भरपूर. दुसरा आकडा सेटच्या मीटरवर दिसतो. पहिला मात्र ऐकणाऱ्याने स्वतःच्या कानांनी ठरवायचा असतो, आणि तो खरा की खोटा हे समोरच्याला कळायला काही मार्ग नाही. मी जवळजवळ दीड वर्ष सगळ्यांना पाच-नऊ देत होतो. त्यातला नऊ खरा होता.

अमरावतीला मी एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे. परवाना तरुणपणीच काढलेला, टिंब-रेघांच्या मोर्स लिपीची परीक्षा देऊन. पुढे कित्येक वर्षं स्वतः जोडलेल्या सेटवर काढली, मग एक जुना, दुसऱ्याने वापरलेला घेतला. रिटायर झाल्यावर मात्र नवा, वरच्या दर्जाचा ट्रान्सीवर, म्हणजे बोलायचा-ऐकायचा एकच सेट, मागवला. आमच्या भागात तसा सेट तेव्हा कोणाकडे नव्हता. खोकं ऑटोतून उतरवायला दोन माणसं लागली. मागच्या खोलीतलं बायकोचं शिलाई मशीन भिंतीकडे सरकवून मी टेबलाला जागा केली.

सेटच्या तोंडावर मोठा पडदा आहे. सात मेगाहर्ट्झवर बोलणारी सगळी स्टेशनं त्यावर एका वेळी दिसतात. कोणी बोललं की निळ्यावर पिवळा पट्टा उमटतो आणि वरून खाली सरकत जातो, कापडाच्या ताग्यासारखा. गोंगाट गाळायची बटणं, आवाज जाड-बारीक करायची बटणं, बोललेलं सगळं आपोआप कार्डावर साठवायची सोय. बडनेऱ्याचे आमचे एक मित्र, रेल्वेच्या दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले, पहिल्याच रविवारी बघायला आले. हात रुमालाला पुसून मगच त्यांनी मुख्य डायल फिरवली. म्हणाले, लोण्यासारखी फिरते.

हौस म्हणून घेतला, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. जुन्या सेटवर मला बोलणं कळेनासं झालं होतं, आणि दोष सेटचा आहे असं मी ठरवून टाकलं होतं. पंचवीस वर्षं मुलांना दोष कसा शोधायचा ते शिकवलं. टोकापासून सुरू करा, एकेक भाग तपासत मागे या, हे माझंच वाक्य. मी केबल बदलली, गच्चीवरचा डायपोल अँटेना उतरवून नव्या तारेचा चढवला, स्पीकर बदलला, शेवटी सेट बदलला. शेवटचा एक भाग तपासायचा राहिला.

बायकोला आधी कळलं. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे असायचं. भाताचा दोनदा चिखल झाल्यावर तिने ते काढून घेतलं. तिने स्पष्ट सांगितलं, "तुमाले ऐकू येऊन नाही राहिलं. डॉक्टरले दाखवा." मी म्हणालो, तू तोंडातल्या तोंडात बोलतेस. त्यावर तिने वाद घातला नाही. हळूहळू ती माझ्याशी समोर येऊन बोलू लागली आणि मागून हाक मारणं तिने बंद केलं. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

बहिरेपण म्हणजे सगळं शांत होत असेल, अशी माझी समजूत होती. तसं होत नाही. आवाज येतो, त्याच्या कडा जातात. स, त, क, फ ही अक्षरं सगळ्यात आधी गेली. माणूस बोलतोय हे कळतं, बाई की पुरुष हेही कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. नव्या सेटने तो कडा नसलेला आवाज फार स्वच्छ करून दिला, इतकंच. पहिल्या आठवड्यात मी सगळी बटणं फिरवून बघितली. मग स्वस्थ बसलो. वाईट वाटलं असेल, पण तसं काही आठवत नाही. पडदा छान होता, तो बघत बसायचो.

रोज सकाळी साडेसातला आमची नेट भरते. नेट म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी सगळ्यांनी हवेवर जमणं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा मिळून दहा-बारा जण. एकाने सूत्रं धरायची, एकेकाला बोलवायचं, रिपोर्ट द्यायचा, पुढच्याकडे जायचं. ते काम कित्येक वर्षं माझ्याकडे होतं. ऐकू येत नसताना मी ते कसं केलं, याचं आज मलाच नवल वाटतं. पण ते फार अवघड नव्हतं. कोण बोलतंय हे पडद्यावरच्या पट्ट्यावरून ओळखू यायचं. पट्टा थांबला की माणूस थांबला. रिपोर्ट मीटर बघून द्यायचा. आणि माणसं रोज काय बोलतात? थंडी पडली, लाइट गेली होती, तूर फुलावर आहे, गुडघा दुखतो. "व्हेरी फाईन, इकडंही तसंच आहे, पाच-नऊ, पुढचं स्टेशन" एवढ्यावर सगळं भागत होतं. महिनोन्महिने भागलं.

सगळ्यात सोपा ओळखायला अकोल्याच्या भाईंचा पट्टा. भाई माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे. अकोल्यात त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान; विहिरीवरचे जळालेले पंप तेल्हाऱ्यापासून त्यांच्याकडे यायचे. परवान्याच्या परीक्षेला आम्ही एकाच बाकावर होतो, तेव्हापासूनची ओळख. सेट त्यांनी स्वतः बनवलेला, भंगारातल्या भागांचा. तो गरम होईपर्यंत जागेवर थांबत नसे, हळूहळू घसरायचा. त्यामुळे त्यांचा पट्टा सरळ न पडता तिरका पडायचा. बारा जणांत एक तिरका.

भेटी क्वचित व्हायच्या. हवेवर मात्र रोज. त्यांच्या बायकोला मी एकदाही पाहिलेलं नव्हतं, पण तिचा आवाज पाठ होता. भाई बोलत असताना मागून ती काहीतरी म्हणायची. बहुतेक वेळा नाश्त्याचं, कधी दुकानाच्या किल्लीचं. भाई बोलता बोलता तिला "हो बा, आलो" म्हणायचे, तेही हवेवर जायचं आणि आम्ही सगळे हसायचो. इतकी वर्षं तो आवाज त्यांच्या मागे होता.

ती थंडीतली सकाळ. भाई चार दिवस नेटला आले नव्हते. त्यांच्याकडे लग्न वगैरे असेल असं मला वाटलं. कोणी हवेवर कारण सांगितलं असेल तर ते मला कळलं नव्हतं. पाचव्या दिवशी त्यांचा तिरका पट्टा दिसला. मला बरं वाटलं. मी त्यांना नेहमीपेक्षा लवकर बोलावलं. ते बोलले. थोडंच बोलले. पट्टा थांबला. मी बटण दाबलं आणि बोललो. पुढच्याला बोलावलं. पुढचा पट्टा उमटायला जरा वेळ लागला. मग जे बोलले ते सगळेच लांब बोलले. मला वाटलं, आज गप्पा रंगल्या.

दुसऱ्या दिवशी भाई आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. बाकीचे पट्टे आखूड झाले. यवतमाळचे एक जण यायचे बंद झाले. एखाद्या वर्गात पोरं अचानक शहाण्यासारखी बसली की मास्तरला कळतं काहीतरी झालंय, तसं मला कळलं. पण विचारायचं कोणाला? विचारलं तर उत्तर ऐकावं लागणार.

आठवड्याने बडनेऱ्याच्या मित्राचा मोबाइलवर संदेश आला. एकच ओळ. सर, भाई परत आले त्या दिवशीचं रेकॉर्डिंग एकदा ऐका.

दुपारचे दोन-अडीच वाजले असतील. बायको अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिला मागच्या खोलीत बोलावलं आणि हेडफोन पुढे केला. तिने तो सेट कधी हाताळला नव्हता. मी म्हणालो, "तू ऐक, आणि मले सांग."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दीड वर्षात मी हे पहिल्यांदा कबूल करत होतो, आणि ते तिला कळलं. पदराला हात पुसले, खुर्चीवर बसली, हेडफोन चढवला. मी तारीख शोधून कार्डावरचं रेकॉर्डिंग लावलं आणि तिच्या समोर स्टुलावर बसलो, तोंड दिसेल असा.

ती ऐकत गेली. मग तिने हात वर केला, मी थांबवलं. ती म्हणाली, मागं घ्या. मागे घेतलं. दुसऱ्यांदा ऐकून ती हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलू लागली. भाईंचे शब्द तिने जसेच्या तसे घेतले.

"सर, माही घरवाली गेली. शुक्रवारी. सकाळीच छातीत दुखलं. दवाखान्यात नेईपर्यंत राहिली नाही. आज सेट लावला, काहून का घरात आवाज नाही कोणाचा. बस, एवढंच सांगाचं होतं. ओव्हर."

माझी बायको माझ्यासमोर बसून, माझ्या तोंडाकडे बघत, ‘माझी बायको गेली’ असं सांगत होती. मी तिच्या ओठांकडे बघत होतो. मला सगळं कळलं. आत काही हललं नाही. दात काढताना सुई दिल्यावर डॉक्टर खेचतो, तेव्हा खेचणं कळतं, दुखणं कळत नाही, तसं काहीसं.

मी विचारलं, "मी काय म्हणलो?"

ती म्हणाली, "राहू द्या."

"सांग."

तिने पुढचं ऐकलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "तुमी म्हणले, व्हेरी फाईन, भाई. इकडंही तसंच आहे. पाच-नऊ."

अंगणातल्या शेंगा तशाच राहिल्या. बायको उठून गेली नाही. माझ्या डोक्यात एकच क्षुल्लक गोष्ट घोळत होती. भाईंच्या मागचा तो बाईचा आवाज मला शेवटचा कधी ऐकू आला होता? गेल्या वर्षी? त्याच्या आधी? आठवेना. ती शुक्रवारी गेली. माझ्यासाठी ती कधीच गेलेली होती, आणि मला ते जाणवलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेट उघडली. म्हणालो, मला ऐकू येत नाही, दीड वर्षापासून येत नाही, तुम्हाला दिलेले रिपोर्ट खोटे होते, नेट आता बडनेऱ्याच्या मित्राने चालवावी. बटण सोडलं. पडद्यावर पट्टे उमटले, एकापाठोपाठ एक. कोण काय बोललं ते ऐकायला मी बायकोला बसवलं नाही. सेट बंद केला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं अकोल्याला गेलो. बडनेऱ्यापर्यंत ऑटो, पुढे पॅसेंजर. गाडीत मी काय बोलायचं ते जुळवत होतो. मूर्तिजापूर गेलं तरी एकही वाक्य जुळलं नाही. बायकोने पिशवीत संत्री घेतली होती. दुःखाच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं, आणि काय न्यायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

दुकान उघडं होतं. भाई खाली पाट टाकून मोटारीच्या खाचांत तांब्याची तार भरत बसले होते. पातळ झाले होते. आम्हाला बघून उठले, हातातली तार सुटू नये म्हणून ती खिळ्याला गुंडाळली, आणि मग पुढे आले. दुकानामागेच घर. त्यांच्या सुनेने माझ्या बायकोला आत नेलं. आम्ही दोघं दुकानातच बसलो.

मी पाठ केलेलं काहीच नव्हतं, म्हणून सरळ म्हणालो, "भाई, मले ऐकू येत नाही. त्या दिवशी तुमी काय बोलले ते मले कळलंच नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्टूल ओढून माझ्या अगदी समोर बसले. कामगाराला समजावतात तसं, सावकाश, तोंड उघडून बोलले. काही कळलं, काही त्यांनी वाइंडिंगच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं. बडनेरेवाल्याने काल फोन करून सगळं सांगितलं होतं, म्हणाले. मी म्हणालो, मग तुम्हाला ठाऊकच होतं. ते म्हणाले, हो, पण तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.

मी विचारलं, "वाईट वाटलं असंन."

"वाटलं. खोटं कायले बोलू?" भाई म्हणाले. "वाटलं, सर मोठ्या सेटवाले झाले. आता आपल्या घरचं मरण त्याईले हवापाण्यासारखं. आठ दिवस सेटकडे पाहिलं नाही मी."

"मग?"

"मग काय. राग ठेवाले बी माणसात जीव लागते, सर. तेवढा नव्हता."

एवढंच. माफी मी मागितली नाही. मागायची राहून गेली असं नाही, पण तो शब्द त्या दुकानात बसेना. वार्निशचा वास होता, कोपऱ्यात जळालेल्या तारांचा ढीग होता. त्यांची बायको कुठे बसायची, किल्ली कुठून मागायची, हे मला बघावंसं वाटत होतं, विचारलं नाही.

थोड्या वेळाने भाईंनीच विषय बदलला. खरं तर बदलला नाही, ते कामाला लागले. जळालेली मोटार पुढे आल्यासारखं त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. कोणते आवाज येतात? ट्रकचा हॉर्न येतो? येतो. स्कूटरचा? नाही. मशिदीतली अजान? येते, पण शब्द नाही. बाईचं बोलणं कमी, पुरुषाचं जास्त? हो. ते उठले, फळीवरच्या डब्यांमागून एक लाकडी खोकं काढलं. परीक्षेच्या वेळी सरावासाठी बनवलेला बझर आणि मोर्स वाजवायची दांडी, म्हणजे की. बॅटरी जोडली, की दाबली. मला काही ऐकू आलं नाही. त्यांनी स्क्रूड्रायव्हरने आतला पेच फिरवला, पुन्हा दाबली. नाही. पुन्हा फिरवला. असं चार-पाच वेळा. सहाव्यांदा एक जाड, बेडकासारखा आवाज आला. स्वच्छ. सुरू कुठे झाला आणि संपला कुठे, ते कळणारा आवाज. कडा असलेला.

मी मान हलवली. त्यांनी सावकाश माझा कॉलसाईन, म्हणजे माझं हवेवरचं नाव, वाजवला, मग विचारलं, आवाज कसा. की मी माझ्याकडे ओढली. हात जड झाला होता, तीन चुका केल्या. पहिला आकडा देताना थांबलो आणि मग पाच दिला. हा खरा होता.

"तुमच्या सेटमधी मोर्सचा सूर एवढा खाली येते का?" त्यांनी वहीत लिहून विचारलं. येतो. इतक्या बटणांत ते एक बटण मी कधी फिरवलं नव्हतं, कारण मोर्स सोडून वीस वर्षं झाली होती. भाई म्हणाले, मग झालं. एवढा सेट घेऊन तुमी दिवा लावाचं बटनच नाही दाबलं.

परत येताना गाडीत बायकोने सांगितलं, आत सुनेने सासूचे फोटो दाखवले. बुटकी होती, म्हणाली. हसरी. मी तिला आवाजावरून उंच धरलं होतं.

पुढच्या महिन्यात अमरावतीच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही कानांना यंत्रं बसली. घरात बरं पडतं. बायको मागून हाक मारते आणि बहुतेक वेळा मी वळतो. सेटपुढे मात्र ती काढून ठेवावी लागतात, बटण दाबलं की कानात करवत फिरल्यासारखा आवाज होतो. हवेवरचं बोलणं अजून कळत नाही, कळणारही नाही असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते कागदावर लिहून दिलं आणि मी खिशात घातलं.

नेट बडनेऱ्याचे मित्र चालवतात, माझ्यापेक्षा बरी चालवतात. ती संपली की पावणेनऊला मी आणि भाई जरा बाजूला सरकतो आणि मोर्सवर बोलतो. वेग अगदी कमी. पहिले काही दिवस एकेक अक्षर लिहून घ्यावं लागायचं. आता निम्मं डोक्यात उतरतं. भाईंनी बायकोचा विषय एकदाच काढला, मेथी मिळायला लागली तेव्हा. तिला मेथी निवडायचा कंटाळा होता, एवढं सांगायला त्यांना तीन मिनिटं लागली. मी तेवढा वेळ हातात पेन्सिल धरून बसलो होतो. त्यांचं संपल्यावर काही न पाठवता मी थांबलो. तेही थांबले. मग त्यांनी विचारलं, अमरावतीला संत्र्याचा भाव काय. मी बायकोला विचारून सांगितला.

लोक विचारतात, एवढा भारी सेट, आणि त्यावर टिकटिक कसली करता? मी त्यांना पडदा दाखवतो. पट्टे बघून ते खूष होतात. मोर्समध्येही भाईंचा पट्टा तिरकाच येतो, त्यामुळे दर दोन-तीन मिनिटांनी मला डायल थोडी हलवून त्यांच्या मागे जावं लागतं. मी त्यांना म्हणालो होतो, तुमचा सेट आणा, एकदा बसून स्थिर करून देतो. ते म्हणाले, उन्हाळ्यात पाहू, आता पंपांचा सीझन आहे. बायको भाजीवाल्याकडून आली की दाराशी थांबून विचारते, काय म्हणतात भाई. मी सांगतो, पाच मोटारी आल्या, सून माहेरी गेली, स्वयंपाक स्वतःच करून राहिले. ती म्हणते, "एवढं सांगाले पाऊण तास?" मी हो म्हणतो आणि सेट बंद करतो.